दोन चकत्या

आमच्या कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या भिंतीत एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला दोऱ्याने एक पातळ वॉशर टांगलेला आहे. दोरा साधारण एकवीस सेंटिमीटर, वॉशर सदऱ्याच्या बटणापेक्षा थोडा मोठा. तो पत्र्याला टेकल्यासारखा दिसतो, पण टेकलेला नसतो. मधून एक कागद सहज सरकतो. समोर मोटरसायकल चालू केली की पत्रा थरथरतो आणि वॉशर दोन-तीन मिलिमीटर नाचायला लागतो. इंजिनाचा घुमणारा आवाज कमी झाला की तोही थांबतो.

तो तिथे कशासाठी आहे हे मला दोन वर्षं कळलं नाही. आमच्याकडे प्रत्येक खिळ्याला काही ना काही लटकलेलं असतं, त्यातलंच हेही एक, असं मी धरून चालले. मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे कुणी असा वॉशर टांगला असता तर मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं की हा कुणी टांगला आणि का. घरात माणूस विचारत नाही.

बाबा सायलेन्सर शांत करतात. लोक हौसेने बाजारातला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर गाडीला लावतात, महिना-दोन महिने मिरवतात. मग शेजारी बोलणं टाकतात, घरातलं तान्हं मूल झोपेनासं होतं, नाहीतर वाहन तपासणीत गाडी नापास होते. तोवर मूळचा सायलेन्सर कुणाला तरी देऊन टाकलेला असतो. असे सगळे शेवटी आमच्या दारात येतात. सायलेन्सरच्या लांबट नळकांड्याला बाबा डबा म्हणतात. डब्याची रिबिटं तोडायची, आतली जळून काळी झालेली काचेची लोकर उपसायची, बारीक भोकांची नवी नळी आत बसवायची, तिच्याभोवती नवी लोकर घट्ट पण गुदमरणार नाही इतकीच गुंडाळायची आणि डबा बंद करायचा. हे सगळं बाबा करतात. तयार डबा गाडीला जोडायचं काम माझं. तो सांधा इंजिनाच्या खालच्या अंगाला असतो आणि बाबांचे गुडघे आता त्यांना खाली बसू देत नाहीत. कॉलेजातून मी चारला परत येते आणि सांध्याशी बसते.

काम संपलं की परीक्षा. बाबा गाडीपासून सात पावलं मोजून चालत जातात, गाडीकडे पाठ करून पत्र्यासमोर उभे राहतात आणि हात मागे बांधतात. मी रेस देते, पुन्हा कमी करते, पुन्हा देते. ते ऐकतात. मग ‘अजून’ म्हणतात, नाहीतर ‘झालं’ म्हणतात. तिसरा शब्द नाही. ‘झालं’ म्हटल्याशिवाय गाडी दाराबाहेर जात नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. एकदा एकाने विचारलं होतं, उस्ताद, पाठ कशाला करता? बाबा म्हणाले, “तोंडाकडे बघितलं की सगळ्याच गाड्या शहाण्या वाटतात.”

मी कॉलेजातला जुना आवाजमापक घरी आणला तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“गाडीला ताप आलाय का, मास्तरीणबाई?”

“नाही, पण आकडा कळतो.”

“आकडा तपासणीवाल्यांना लागतो. त्यांना कान नसतात.” आणि मीटर माझ्या हातात परत दिला. तेव्हापासून तो माझ्या कोटाच्या खिशात असतो.

बाबांना ऐकू येत नाही हे मला टेलिव्हिजनच्या आवाजावरून कळलं नाही, कारण आमच्याकडे टेलिव्हिजन कुणी लावत नाही. कुकरमुळे कळलं. शिट्टी झाली की गॅस बंद करायचा म्हणून बाबा ओट्याशी उभे होते. माझ्या मोजणीने सात शिट्ट्या झाल्या तरी ते शांतपणे चहाचे कप विसळत होते. मी आत जाऊन गॅस बंद केला. ते म्हणाले, “अगं, शिट्टी तरी होऊ दे.”

त्याच आठवड्यात, एका रविवारी दुपारी, मी त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या कानांवर प्रयोगशाळेतले हेडफोन लावले. प्रयोगशाळेसाठी नवे आलेत, तपासायचेत, असं सांगितलं. आवाज आला की बोट वर करायचं. खालच्या सुरांना त्यांचं बोट लगेच उठत होतं. हजार हर्ट्झलाही ठीक होतं. सूर चढवत मी चार हजारांवर आले. बोट गुडघ्यावरच राहिलं. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. त्या बोटाच्या नखाखाली ग्रीस होतं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आवाज इतका वाढला की हेडफोनच्या कडेतून मलाही ऐकू यायला लागला, तेव्हा कुठे ते बोट किंचित उठलं. पंचाहत्तर डेसिबल. ग्राइंडर, छिन्नी आणि उघड्या इंजिनांच्या सोबतीत पन्नास वर्षं काढलेल्या माणसाचा आलेख अगदी असाच निघतो, पुस्तकात छापल्यासारखा. मी तो काढला, घडी केली आणि प्रयोगवहीत ठेवला.

“चांगले आहेत ना?” बाबांनी हेडफोन काढत विचारलं.

“चांगले आहेत,” मी म्हणाले.

त्यानंतर माझ्याकडे एकच काम शिल्लक होतं. त्यांना सांगायचं, आणि परीक्षा त्यांच्याकडून काढून घ्यायची. एखादा सुटा भाग खराब झाला की तो बदलावा लागतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं. पण हा भाग बदलून मिळत नव्हता, आणि कानातलं यंत्र लावा म्हणणं म्हणजे त्यांना सात पावलांवरून खाली उतरवणं होतं. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं, तर त्यांची दाढ दुखत होती. त्याच्या पुढच्या रविवारी एक माणूस शंभर किलोमीटरवरून उस्तादांचं नाव विचारत आला. मग पाहुणे, मग प्रयोगशाळेची वार्षिक तपासणी. सांगायचं वाक्य मी इतक्या वेळा मनात घोळवलं की शेवटी ते गुळगुळीत झालं, हातात धरताच येईना.

सांगण्याऐवजी मी एक चकती बनवली.

बाबा खालचा घुमणारा आवाज अजूनही नीट ओळखत होते. वरचा तडतडणारा, कानात टोचणारा आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. त्यामुळे ते ‘झालं’ लवकर म्हणायचे. खिशातला मीटर त्या वेळी त्र्याण्णव, चौऱ्याण्णव दाखवायचा. तपासणीची मर्यादा नव्वद. मग मी कॉलेजच्या कार्यशाळेत पितळेची एक चकती कापली, बरोबर मध्यावर चोवीस मिलिमीटरचं भोक पाडलं, कडा घासून घेतली. सांधा जोडताना ती गॅस्केटच्या, म्हणजे सांध्यातल्या पातळ गादीच्या मागे ठेवून दिली की धुराची वाट थोडी अरुंद व्हायची आणि आकडा अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदवर यायचा. बाबा सातव्या पावलावरून ‘झालं’ म्हणायचे आणि ते खरं ठरायचं. दोन वर्षांत मी एकसष्ट चकत्या बनवल्या. कार्यशाळेतला फोरमन विचारायचा, ताई, एवढ्या चकत्यांचं करता काय? मी म्हणायचे, प्रयोग चालू आहे. तेही काही अगदी खोटं नव्हतं.

गेल्या महिन्यात कॉलेजात परीक्षा होत्या. आठवडाभर मी सकाळी जाऊन दिवेलागणीला परतत होते. त्याच आठवड्यात बेकरीवाल्याची गाडी आली. मला त्रास नको म्हणून बाबा स्वतः खाली बसले, सांधा स्वतः जोडला, सात पावलं चालले आणि ‘झालं’ म्हणाले. त्या सांध्यात अर्थातच चकती नव्हती. गाडी तपासणीत नापास झाली. बेकरीवाला भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने नापासाची चिठ्ठी कारखान्यातल्या ओट्यावर ठेवली, वर एक पाना ठेवला, उडून जाऊ नये म्हणून, आणि म्हणाला, “असू दे उस्ताद. वय कुणाला चुकलंय.” आणि गाडी दुसरीकडे घेऊन गेला.

हे मला बाबांनीच जेवताना सांगितलं. “लोकर हलकी आली असेल,” ते म्हणाले.

“असेल,” मी म्हणाले.

सिस्टरची गाडी आली ती त्याच्या पुढच्या आठवड्यात. सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन जखमा धुणारी, सुया देणारी परिचारिका. चाळिशीची, ठणठणीत, बोलण्यात कुणाला हार न जाणारी. तिची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी होती तेव्हाच ओट्यावरच्या डबीतले स्क्रू वाजायला लागले.

“सायलेन्सर आहे का भोंगा?” बाबांनी विचारलं.

“भावाचा शौक. तो गेला परदेशात, मला हे ठेवून गेला. मी गल्लीत शिरले की पेशंट उठून बसतात, म्हणतात, आली सुई.”

“मग बरं की. दार वाजवायला नको.”

“एका आजींना छातीचा त्रास आहे, उस्ताद. मी नाडी धरते, ती माझ्याच गाडीने वाढवून ठेवलेली असते. आणि शनिवारी तपासणी आहे. पास झाली नाही तर मला सायकल काढावी लागेल, आणि माझे निम्मे पेशंट टेकडीवर राहतात.”

ती म्हाताऱ्या माणसांशी बोलायची सवय असल्यासारखी, समोर उभी राहून, सावकाश बोलत होती. बाबांनी तिचं एकही वाक्य चुकवलं नाही. मला तिचा हेवा वाटला. मी घरात निम्मं बोलणं पाठमोरीच करते.

गाडी आली तेव्हाचा आकडा एकशे चार होता. बाबांनी दोन दिवस घेतले. मी नेहमीसारखी सांध्याशी बसले, नेहमीसारखी चकती ठेवली. बाबा सात पावलं चालले. मी रेस दिली आणि खिशातला मीटर कोटाच्या आडून डब्याच्या तोंडाशी, अर्ध्या मीटरवर धरला.

चौऱ्याऐंशी.

“झालं,” बाबा म्हणाले.

मी पुन्हा पाहिलं. चौऱ्याऐंशीच. प्रयोगशाळेत मी मुलांना एक गोष्ट दरवर्षी सांगते: उत्तर अपेक्षेपेक्षा चांगलं आलं तर खूश होऊ नका, काय बिघडलंय ते शोधा. मुलांना सांगते. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की लोकर या खेपेला चांगली आली असेल. दोन वर्षांत पहिल्यांदा आकडा मर्यादेच्या इतका आत होता, आणि बाबांची मान बेकरीवाल्यानंतर पहिल्यांदा सरळ झाली होती. मला काहीही शोधायचं नव्हतं.

शनिवारी गाडी पास झाली. सिस्टरने जाता जाता रस्त्यावरूनच हात करून सांगितलं.

मंगळवारी साडेचारच्या सुमाराला एक छोटा टेम्पो दारात थांबला. मागे गाडी आडवी बांधलेली होती, पुढे चालकाशेजारी सिस्टर. उतरताना तिने डावा पाय जपून टेकला. पोटरीला पांढरी पट्टी होती, घोट्यापासून चार बोटं वर सुरू होऊन जवळजवळ गुडघ्यापर्यंत.

“गाडी शांत झाली, उस्ताद,” ती म्हणाली. “अगदी कायमची.”

बाबांनी तिच्या पायाकडे पाहिलं आणि हातातलं फडकं हातातच राहिलं.

मी तिला स्टूल दिलं, दुसरं स्टूल पायाखाली दिलं. तिने सांगितलं ते असं: सपाटीवर गाडी ठीक होती, थोडी सुस्त वाटायची. टेकडीच्या चढावर रेस दिली की उलट मंदावायची, धापा टाकायची. आज भर चढावर बंद पडली. मागे सरकायला लागली म्हणून तिने पाय टेकला, गाडी त्या पायावर कलली, आणि तापलेला पाइप पोटरीला चिकटला. “नेहमी गरम असतो तसा नाही. लाल. मी दिवसाउजेडी बघितला, लाल होता. गाडी उचलायला कुणी नव्हतं. बारा-पंधरा सेकंद लागली असतील मला पाय काढायला.” तिने हे तापमान लिहून घ्यावं तसं सांगितलं. “पट्टी माझी मीच केली. सहा आठवडे जातील. टेकडीवरच्या आजींकडे आज कुणीच गेलेलं नाही.”

मी तिच्या पायाखालचं स्टूल थोडं पुढे सरकवलं.

टेम्पोवाल्याने गाडी उतरवून दिली आणि तो गेला. बाबांनी गाडी चालू केली, मागे गेले आणि डब्याच्या तोंडासमोर तळहात धरला. मग रेस द्यायची खूण केली. मी दिली. ते तळहात तसाच धरून उभे राहिले, एखाद्याच्या नाकाशी सूत धरतात तसे.

“श्वास कोंडलाय,” ते म्हणाले. “वारा हाताला लागतच नाही.”

त्यांनी इंजिन बंद केलं. पाइप निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग आम्ही आपापल्या टोकांशी गेलो. ते डब्याच्या मागच्या टोकाशी ड्रिल घेऊन, मी खाली सांध्याशी पाना घेऊन. मला माहीत होतं मला काय काढायचंय. सांधा सैल केला, गॅस्केट ओढलं, पितळेची चकती काळीनिळी होऊन हातात आली. ती मी पायाशी पडलेल्या फडक्याखाली सरकवली. तिकडे बाबांनी टोपण काढलं, आत दोन बोटं घातली, काहीतरी बाहेर घेतलं आणि पँटच्या खिशात टाकलं.

“एक मिनिट,” सिस्टर स्टुलावरून म्हणाली.

आम्ही दोघांनी वर पाहिलं. म्हणजे मी पाहिलं. मी पाहिलं म्हणून बाबांनी पाहिलं.

“त्यांच्या खिशात एक गेली. तुमच्या फडक्याखाली एक गेली. मी रोज उशीखाली गोळ्या लपवणारी माणसं बघते, ताई. मला हात दिसतात. दोन्ही इथे ओट्यावर ठेवा.”

मी माझी चकती ठेवली. बाबांना काय म्हणाली ते तिने हाताने पुन्हा दाखवलं. त्यांनी खिशातून काढून माझ्या चकतीशेजारी त्यांची ठेवली. लोखंडी, जुन्या मडगार्डच्या पत्र्यातून कापलेली. भोक छिन्नीने पाडून कानशीने मोठं केलेलं, बावीस मिलिमीटरच्या आसपास, आणि मध्यापासून किंचित ढळलेलं. त्यांच्या हातून ढळलेलं भोक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

सिस्टरने दोन्ही उचलून एकीतून दुसरीकडे पाहिलं. “म्हणजे मागून एकाने नाक दाबलं, पुढून दुसऱ्याने गळा. आणि एकमेकांना पत्ता नाही.”

“नाही,” मी म्हणाले.

“आमच्याकडे असं होतं कधी कधी. मुलगा एक गोळी देतो, सून तीच गोळी परत देते. दोघंही मायेने. तिसऱ्या दिवशी पेशंट भरती.” तिने चकत्या खाली ठेवल्या. “पण मला एक सांगा, आजार कुणाला आहे? गाडीला तर नव्हता.”

याचं उत्तर मला येत होतं. चार हजारांना पंचाहत्तर, सहा हजारांना ऐंशी. उत्तर प्रयोगवहीत घडी घालून ठेवलेलं होतं, तारखेसकट. मी तिच्या पट्टीकडे पाहत राहिले. पट्टीच्या खालच्या कडेला पिवळसर ओल यायला लागली होती.

बाबांनी दोन्ही चकत्या जवळ ओढल्या. माझ्या चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“ते हेडफोन,” ते म्हणाले, “खरंच चांगले होते का गं?”

“चांगले होते, बाबा.”

“हं.” मग लोखंडी चकतीवर बोट ठेवून ते म्हणाले, “बेकरीवाला येऊन गेल्यावर ही केली. म्हटलं, एक असू दे आत. कमी पडलं तर.” आणि मग, चकतीशीच बोलल्यासारखे, “तुझी कधीपासून?”

मी दोन बोटं दाखवली.

“महिने?”

मी मान हलवली. नाही.

त्यांनी स्वतःची चकती उचलून भंगाराच्या डब्यात टाकली. ती पडली तेव्हा खणकन आवाज झाला, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते म्हणून मला कळलं की तो आवाज त्यांनी ऐकलेला नाही. माझी चकती त्यांनी फडक्याने पुसून माझ्या हातात दिली.

“भोक मध्यावर आहे,” ते म्हणाले. “हीच बसव.”

मग आम्ही काम केलं. बाबांनी डब्यातली करपलेली लोकर काढून नवी भरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. दोन वेळा गुंडाळी उलगडून पुन्हा गुंडाळली. मी सांध्याचं नवं गॅस्केट कापलं, चकती बसवली, बोल्ट आवळले. सिस्टर स्टुलावर बसून फोनवर एकेका पेशंटला सांगत होती की आज जमणार नाही, उद्याही जमेल असं वाटत नाही, पट्टी ओली होऊ देऊ नका, हो, मलाच लागलंय, नाही, मला कोण बघणार, मीच. टेकडीवरच्या आजींचा फोन तिने शेवटी लावला. बराच वेळ नुसतीच ऐकत होती. “नाही आजी, गाडीचा आवाज आला नाही कारण मी आलेच नाही,” ती म्हणाली. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. “हो, पूर्वी लांबून कळायचं. मला माहीत आहे.”

सहाला काम संपलं. मी गाडी चालू केली. इंजिन एकसारखं चाललं. बाबांनी पुन्हा डब्यामागे तळहात धरला, आणि या वेळी वाऱ्याने त्यांच्या बाहीची कडा हलली. त्यांनी मान डोलावली.

आणि मग ते वळले आणि चालायला लागले.

एक, दोन. मला वाटलं, ते पाणी प्यायला निघालेत. तीन, चार. माठ डावीकडे आहे. ते सरळ चालले होते. सातव्या पावलाला ते थांबले, पत्र्यासमोर, पाठ आमच्याकडे. हात मागे गेले, एकमेकांत अडकले. हेडफोन लावल्यावर गुडघ्यावरच राहिलेलं ते डाव्या हाताचं बोट उजव्या मुठीत होतं.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी रेस दिली, कारण त्या जागी माझा हात दुसरं काही करूच शकत नाही. पत्रा थरथरला. बाबांच्या खांद्यावरून मला तो खिळा दिसला, दोरा दिसला, आणि दोऱ्याच्या टोकाशी नाचणारा वॉशर. त्यांची मान किंचित खाली होती. ते ऐकत नव्हते. ते बघत होते. वॉशर कधी थांबतो ते बघत होते. हेडफोनच्या त्या रविवारनंतर आठ-दहा दिवसांनीच तो पत्र्यावर आला होता, हेही मला तेव्हाच आठवलं. मी खिशात मीटर लपवून फिरत होते आणि त्यांनी स्वतःचा मीटर सगळ्यांच्या समोर टांगून ठेवला होता. चांगला होता, खालच्या सुरांपुरता बरोबरही होता. मी स्वतः बनवला असता तर याहून फार वेगळा बनवला नसता.

मी रेस कमी केली. वॉशर थांबला.

खिशातून मीटर काढून मी उघडपणे डब्याच्या तोंडाशी धरला आणि पुन्हा रेस दिली. एकोणनव्वद. मर्यादेच्या एकच खाली. गाडी पास होईल, चढ चढेल, पाइप तापेल तो नेहमीइतकाच. काम चांगलं झालं होतं. आता फक्त तो एक शब्द यायचा बाकी होता, आणि तो येईल हे मला माहीत होतं. बरोबरही असेल. पुढच्या गाडीलाही तो येईल. तेव्हा मी परीक्षांना गेलेली असेन, किंवा आजारी असेन, किंवा ते परत एकदा, कमी पडलं तर, म्हणून आत काहीतरी टाकतील.

“बाबा,” मी म्हणाले, “थांबा. यापुढे ‘झालं’ मी म्हणणार.”

मी ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, दोन वर्षं मनात म्हणत होते तसंच. सिस्टरने मान खाली घातली आणि पट्टीची कडा नीट करायला लागली. बाबा हलले नाहीत. ते वॉशरकडे बघत, मी रेस द्यायची वाट पाहत होते.

मी इंजिन बंद केलं. कारखान्यात इतकी शांतता झाली की तापलेल्या पाइपची टिकटिक ऐकू यायला लागली. मी चालायला लागले. माझी पावलं त्यांच्यापेक्षा लहान आहेत, मला नऊ लागली. त्यांना वळसा घालून मी त्यांच्या आणि पत्र्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. वॉशर माझ्या पाठीला टेकला. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ओठांकडे, आणि तिथेच पाहत राहिले.

“बाबा,” मी सावकाश म्हणाले, “तुम्हाला ऐकू येत नाही. आजपासून ‘झालं’ मी म्हणणार.”